लाइट गेल्यावरची दहा मिनिटं

आमच्या घराची मागची भिंत आणि पॉवरलूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. कारखाना म्हणजे काही फार मोठा नव्हे, पत्र्याच्या छपराखाली बारा माग. पण ते बाराच्या बारा एकदम चालू असले की आमच्या फळीवरची पितळी भांडी हळूहळू पुढे सरकत यायची, आणि दर दोन दिवसांनी ती मागे लोटणं हे माझं काम होतं. बुऱ्हाणपुरात आमच्या भागात वाढलेल्या माणसाला त्या खटखटीचं काही वाटत नाही. दापोऱ्याची माझी आत्या मात्र आली की अर्ध्या तासात कानाला पदर लावून बसायची. "काऊन वं मने, या कालव्यात तुमाले झोप तरी कशी येते?" म्हणायची. येते म्हणजे काय, आम्हाला त्याच्याशिवाय यायची नाही. खटखट आम्हाला जाणवायची ती थांबली की. लाइट गेली की बारा माग एका दमात गप्प व्हायचे आणि कानात नुसती पोकळी उरायची. मग त्या पोकळीत एकेक आवाज परत यायचा: कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, पत्र्यावरची कबुतरं, सायकलवर केळी विकणाऱ्याची हाक. बुऱ्हाणपूर तेव्हा अजून खंडवा जिल्ह्यातच होतं, आणि लाइट कधी जाईल, कधी येईल हे खुद्द बिजलीवाल्यांनाही ठाऊक नसायचं. ती गेली की सगळं गाव शिव्या द्यायचं. मी एकटीच तिच्या जाण्याची वाट बघत बसलेली असायचे.

ते का, हे सांगायचं तर आप्पांच्या आवाजापासून सुरुवात करायला हवी. आप्पा म्हणजे माझे वडील, मराठी शाळेत मास्तर. अंगानं काडी, पण आवाज असा की ते सातवीची हजेरी घ्यायला लागले की शाळेसमोरचा पंक्चरवाला मधेच "हजर" म्हणून ओरडायचा. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही तिघं, आप्पा, दादा आणि मी. शाळेतून आले की आप्पा दाराची कडी दोनदा वाजवायचे आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "मने, दार उघड!" दार बहुतेक वेळा नुसतं लोटलेलं असायचं. पण ढकलून आत येणं त्यांना कबूल नव्हतं. कुणीतरी उठून यावं, हातातली पिशवी घ्यावी, तेव्हा कुठे ते घरी आले असं व्हायचं. मला त्याचा असा वैताग यायचा! हातात कणीक असली की मी आतूनच खेकसायचे, "उघडंच आहे हो!" तरी ते बाहेर उभेच. शेवटी मीच कणकेच्या हातानं कडी धरून दार उघडायची आणि मग कडीला चिकटलेली कणीकही मीच पुसायची.

तंबाखूच्या डबीनं त्यांचा गळा धरला. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील पण आवाज जाईल. ते ऐकून दादा पुण्याहून आला तो दोन खोकी घेऊन. तिकडे तो कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागला होता आणि सुटे भाग जमवून त्यानं आमच्यासाठी एक कॉम्प्युटर आणला होता. आप्पा ज्या टेबलावर वह्या तपासायचे त्याच टेबलावर त्यानं तो जोडला, आप्पांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि हातात माइक दिला. "बोला आता." आप्पा चिडले. "काय बोलू? मी काय पुढारी आहे?" तो शुक्रवार होता. शुक्रवारी माग बंद असायचे, म्हणून दादानं मुद्दाम तो दिवस धरला होता. बरीच विनवणी झाल्यावर आप्पांनी सातवीची हजेरी म्हटली, ती त्यांना पाठच होती. एकोणतीसचा पाढा म्हटला. स्वल्पविराम, पूर्णविराम सांगत शुद्धलेखनाचा एक उतारा घातला. मधे एकदा, "अरे, हे यंत्र चालू आहे की मी भिंतीशी बोलतोय?" हेही त्यात आलंय. शेवटी दादानं त्यांना बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "रोज येता तसे या." ते सगळं मिळून सात सेकंदांचं आहे. कडी दोनदा, मग "मने, दार उघड!" आणि त्याच्या मागे स्वयंपाकघरातून माझा आवाज, "उघडंच आहे हो!" रेकॉर्डिंग चाललंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी उठून गेले असते.

ऑपरेशन झालं. आप्पा घरी आले ते गळ्याच्या खळगीत एक भोक आणि त्यावर मलमलचा पांढरा रुमाल बांधून. आता श्वास नाकातून नाही, त्या भोकातून. त्यामुळे काय काय जातं हे आधी कुणी सांगत नाही. वास जातो. माझी फोडणी करपून घरभर धूर झाला तरी ते पेपर वाचत बसलेले. फुंकर जाते. चहा गरम असला तर तो बशीत ओतून वाट बघत बसायचं, बस्स. मी त्यांना मऊ खिचडी, कढी, कुस्करलेलं केळं असं देत राहिले आणि ते पाटीवर लिहून सांगत राहिले. मास्तरांची पाटी ती! काना-मात्रा सोडायचे नाहीत. "मीठ कमी." पुढे पूर्णविराम. "दादाचे पत्र आले का?" पुढे प्रश्नचिन्ह. याच्या पलीकडे काही नाही. मी सुरुवातीला दोघांचं मिळून एकटीच बोलायचे, शेजारणीच्या गोष्टी, भाजीवालीच्या गोष्टी. पण समोरून काहीच परत येईना, तेव्हा आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटायला लागतो. माझ्या मैत्रिणींची लग्नं झाली होती. बी.ए. मी प्राइवेट करत होते, म्हणजे कॉलेजचं तोंडही वर्षातून एकदा परीक्षेला बघायचं. हळूहळू मीही बोलणं सोडलं. एकोणीस वर्षांची मी, आणि दिवसच्या दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. इतकी एकटी मी पुढे कधीच नव्हते, नवरा गेल्यावरसुद्धा नाही.

दादानं परत जाण्याआधी एकदा ते रेकॉर्डिंग आप्पांना लावून दाखवलं होतं. बिचाऱ्याला वाटलं, बरं वाटेल. हजेरीची पाच नावं झाली नसतील, आप्पा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी ते लावलं नाही. पुढे दादा गेला आणि आप्पांनी शुक्रवार सोडून रोज दुपारी दोन वाजता बाहेर पडायला सुरुवात केली. पाच वाजता परत. कुठे जाता, विचारलं तर हात हलवून उडवून लावायचे. मी समजून गेले, राजघाटावर जात असतील तापीकाठी, माझ्यासारखीचं तोंड बघत बसण्यापेक्षा नदी बरी. कधी त्यांच्या खांद्यावर रुईचे, म्हणजे कापसाचे, तंतू दिसायचे. गादी पिंजून घ्यायला झाली, एवढंच माझ्या डोक्यात यायचं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

ते गेले की मी त्यांच्या खुर्चीत बसायचे. पण माग चालू असताना आप्पांचा आवाज ऐकणं म्हणजे जत्रेत कानगोष्टी करण्यासारखं. हेडफोन लावून बघितला, तर आवाज कानात यायचा, दारातून यायचा नाही. मला तो दारातून यायला हवा होता. शुक्रवारी माग बंद, पण त्या दिवशी आप्पाही घरीच. उरली ती लाइट गेल्यावरची वेळ. पण लाइट गेली की कॉम्प्युटरही जाणार! यावर दादानं पाठवलेला यूपीएस माझ्या कामी आला. विजेची ती पेटी दहा मिनिटं कॉम्प्युटर जिवंत ठेवायची, काम जपून ठेवून नीट बंद करता यावा म्हणून. मी ती दहा मिनिटं आप्पांसाठी वापरायचे. सुरुवातीला ती पेटी टीं टीं ओरडायची, तिच्या तोंडावर मी चिकटपट्ट्यांचे चार थर लावले. लाइट गेली, माग थांबले, की पहिल्यांदा हजेरी, मग पाढा, आणि शेवटी सात सेकंदांचं ते. ते मी तीन-तीनदा लावायचे. "मने, दार उघड!" मी खुर्चीत बसून मनात म्हणायचे, उघडते, आप्पा, उघडते.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. माग थांबले की कॉम्प्युटरची घुरघुर ऐकू यायला लागायची. घूंऽऽ, घूंऽऽ. आधी वाटलं पंखा असेल. मग कळलं, हार्ड डिस्क. आतली तबकडी सतत गरागरा फिरत असते, ती पत्र्याच्या खोक्याला चार स्क्रूंनी घट्ट आवळलेली, त्यामुळे तिची थरथर सगळ्या पत्र्यात उतरते आणि पत्र्यातून टेबलात. आप्पांचा आवाज खर्जातला आणि घुरघुरही खर्जातली. "मने" नीट यायचं, "दार" त्या घुरघुरीत बुडायचं. खोक्याच्या बाजूला तळहात दाबून धरला की थांबायची, काढला की पुन्हा सुरू. मी गुडघा दाबून बसून बघितलं. खाली वर्तमानपत्राच्या घड्या, मग उशी, मग लाकडाच्या पाचरी. स्क्रू आवळले तर आणखी वाढली. वर्षभराच्या त्या शांततेनं माझं डोकं फिरलं असणार, कारण मला सगळ्या जगात त्या एका घुरघुरीशिवाय दुसरा वैरी दिसत नव्हता.

आता बुऱ्हाणपूरच्या मुलीला आवाज दाबायचा म्हटला की काय सुचणार? रुई! कान दुखला रुई, भांडं फुटू नये रुई, कारखान्यातले कारागीर कानात बोळे घालतात तेही रुईचेच. आमच्याकडे गादीची उसवलेली रुई पोतंभर पडली होती. मी खोकं उघडलं, डिस्क सोडवली, तिला बाळंतिणीच्या बाळासारखं रुईत गुंडाळलं, वरून जुन्या धोतराचं फडकं शिवून घेतलं आणि ते गाठोडं आत ठासून बसवलं. झाकण लावलं. घुरघुर गायब! काय सांगू किती आनंद झाला. मी स्वतःसाठी शिरा केला. त्या दिवशी लाइट गेलीच नाही, मी मात्र कॉम्प्युटर चालूच ठेवला, कधी जाईल म्हणून. तास-दीड तास झाला असेल. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. मग आतून टक्, टक्, टक्, कुणी नखानं पत्रा वाजवावा तसं. मग पडदा काळा. झाकण काढून गाठोड्याला हात लावला आणि हात मागे आला, तव्यासारखं तापलं होतं. डिस्कचा ताप बाहेर जायला हवा असतो हे मला कोण सांगणार? शहाणपण कमी आणि हौस दांडगी. मी ते गाठोडं मांडीवर घेऊन भोकाड पसरलं. माग चालू होते, त्यामुळे ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीसीओवरून दादाला फोन लावला. "रुई?" तो तिकडून ओरडला. "हार्ड डिस्कला रुई? तू काय गोधडी शिवत होतीस का?" मी विचारलं, "तुझ्याकडे दुसरी कॉपी आहे ना?" तो म्हणाला, दिवाळीला येऊन सीडीवर उतरवणार होतो. म्हणजे नव्हती. जगात आप्पांचा आवाज त्या एका तापलेल्या पेटीत होता, आणि ती मी भाजून काढली होती. दादाचा राग उतरला तसा तो मास्तरांचा मुलगा झाला आणि मुद्दे सांगायला लागला. डिस्क दोन दिवस सावलीत निवू दे. तोवर जोडू नकोस. आवळायची नाही, गुंडाळायची तर नाहीच नाही, तिला रबराच्या पट्ट्यांवर अधांतरी टांगायचं, चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे, म्हणजे थरथर पत्र्यात उतरणारच नाही. त्यासाठी खोक्यातला पत्रा कापावा लागेल आणि ते तुझं काम नाही. पत्रा कापणारा आणि थरथर ओळखणारा माणूस शोध. "पण कापायच्या आधी आतलं सगळं बाहेर काढा," हे त्यानं तीनदा सांगितलं.

थरथर ओळखणारा माणूस आमच्या भिंतीपलीकडेच होता. रशीदचाचा. मागांची दुरुस्ती करणाऱ्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात, ते त्या बारा मागांचे जॉबर. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दुपारी गेले. आत शिरल्यावर खटखट कानातून न येता पोटातून यायला लागली. रुई हवेत तरंगत होती. आणि मला दिसलं ते असं, की त्या आवाजात तोंडानं कुणीच बोलत नव्हतं. सगळे हातांनी बोलत होते. एकानं दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली, दुसरा तुटलेला धागा जोडायला पळाला. एकानं अंगठा ओठाला लावला, चहा आला. आणि खिडकीपाशी, सुताच्या बॉबिनच्या खोक्यावर, गळ्याला ओला दुहेरी रुमाल बांधून आप्पा बसले होते. त्यांचे हात सारखे चालले होते. आधी त्यांनी पोट मोठं दाखवलं, मग नाकावर चश्मा, मग वही उलटी धरून वाचणारा माणूस. शाळा तपासायला आलेल्या साहेबाची गोष्ट ती! घरी शंभरदा ऐकलेली. चार कारागीर माग सोडून हसत होते. आणि आप्पाही हसत होते, खांदे हलवून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

खरं सांगते, मला आधी राग आला. गळ्याला भोक असलेला माणूस रुईच्या धुळीत बसतो म्हणून आला, असं मी स्वतःला सांगितलं, पण तो खोटा बहाणा होता. मी तिकडे भिंतीआड त्यांच्या सात सेकंदांसाठी जीव टाकत होते आणि ते इकडे परक्या लोकांना गोष्टी सांगत होते. घरात मात्र मीठ कमी, पूर्णविराम. एका कारागिराचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यानं आप्पांच्या खांद्याला हात लावला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि बोटाच्या पेरानं हवेत दोनदा ठोकल्यासारखं केलं. आप्पा वळले. त्यांचे हात एकदम मांडीत पडले, वर्गात पकडलेल्या पोरासारखे. मला त्या ठोकण्याचा अर्थ कळला नाही. मी रशीदचाचांना खूण करून बाहेर बोलावलं, डिस्कचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, आप्पांना यातलं काही कळू देऊ नका. चाचा म्हणाले, "शुक्रवार को आता हूँ, बेटी. नमाज़ के बाद." संध्याकाळी आप्पा घरी आले, मी खिचडी वाढली, त्यांनी खाल्ली. दोघांनीही दुपारचा विषय काढला नाही.

शुक्रवारी आत्या आली आणि आप्पांना इच्छादेवीला घेऊन गेली, नवस फेडायचा होता तिला. चाचा आले ते हातड्रिल, कानस, पत्राकात्री आणि सायकलची जुनी ट्यूब घेऊन. पहिलं वाक्य दादाचंच बोलले. "पहले पूरा डिब्बा खाली करो. भरे हुए में छेद नहीं करते." लोखंडाला हात लावून अंगातला करंट आधी उतरवायचा, मग एकेक भाग काढायचा, मी दादाच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली आणि सगळं आतल्या खोलीत खाटेवर मांडलं. खोकं अंगणात. चाचांनी रिकाम्या पत्र्यावर टिचकी मारून कान लावला, तीन जागी टिचक्या मारल्या आणि खडूनं खुणा केल्या. "दबाने से थरथर नहीं जाती, बेटी. माग के पाँव के नीचे भी हम रबर डालते हैं, कील नहीं ठोकते." मग डिस्क बसायच्या जाळीचा खालचा पत्रा कापला, भोकं पाडली, कडा कानशीनं घासल्या, आणि कड कुठे वायरीला कापू नये म्हणून ट्यूब उभी चिरून प्रत्येक कडेवर चढवली. पत्र्याचा चुरा पडला होता सगळीकडे. तो उचलायला त्यांनी सवयीनं खिशातून दोरी बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि डिस्क कुठे ठेवली ते बघायला तसेच आतल्या खोलीकडे निघाले. मी अशी किंचाळले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. "चुंबक नका आणू! आवाज पुसला जाईल!" चाचा जागच्या जागी खांबासारखे. मग त्यांनी ते चुंबक गल्लीच्या टोकाला असलेल्या पानाच्या टपरीवर नेऊन ठेवलं, परत येऊन ओल्या फडक्यानं सगळा चुरा टिपला आणि मला म्हणाले, "इतना तो मेरी बीवी भी नहीं चिल्लाई आज तक." वर्षभरात मी पहिल्यांदा खदखदून हसले.

ट्यूबच्या चार पट्ट्यांच्या पाळण्यात डिस्क टांगली. कुठेही पत्र्याला शिवत नव्हती, बोट लावलं की हलकेच झुलायची. सगळं परत जोडलं. मी बटण दाबलं, चाचांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. पडदा उजळला. डिस्क फिरत होती आणि ऐकू काही येत नव्हतं. मी घाईनं तीच फाइल लावली. कडी दोनदा, "मने, दार उघड!" आवाज शाबूत होता. मी रडायला लागणार, तेवढ्यात चाचांकडे लक्ष गेलं. त्यांचा हात आपोआप वर आला होता आणि पेरानं त्यांनी हवेत दोनदा ठोकलं होतं.

"अच्छा, ये है वो," ते म्हणाले. "शेड में तेरा नाम यही है. मास्टरजी ने रखा. तेरी बात करनी हो तो ऐसा करते हैं. मनी ने कढ़ी बनाई, मनी का पेपर है, सब ऐसे ही बताते हैं." बोलावं की नाही असं करत, ते पुढे म्हणाले, "बत्ती जाती है ना, तो हम लोग मुँह से बोलने लगते हैं. उस टाइम मास्टरजी अकेले पड़ जाते हैं. घर को आते हैं. पर दरवाज़े से ही लौट जाते हैं, रोज़. मैंने एक दिन पूछ लिया, क्यों. तो ऐसे बोले." त्यांनी आधी आप्पांसारखं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग आमच्या भिंतीकडे दाखवलं, मग दोन्ही हातांनी खुर्चीत बसलेला माणूस दाखवला. "अंदर मैं बैठा हूँ पहले से."

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्यांनीच हत्यारं गोळा केली आणि ते गेले.

ते रेकॉर्डिंग दिवाळीला दादानं सीडीवर उतरवलं, ती सीडी अजून माझ्या कपाटात आहे. माझ्या आताच्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारं असं काही नाहीच म्हणतात, तो कधी चालू आहे, कधी बंद, कळतही नाही. आप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत मी ती फाइल किती वेळा लावली, ते सांगता येईल, इतकी थोडी. ते सगळं पुढचं. मला लिहायचंय ते त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारचं.

आप्पा दोन वाजता नेहमीसारखे गेले. तीनच्या सुमाराला लाइट गेली. बारा माग थांबले. मी त्यांच्या खुर्चीत, समोर पडदा, बाण त्या फाइलवर नेऊन ठेवलेला. घुरघुर नव्हती. जी शांतता मिळवायला मी एवढा उपद्व्याप केला होता ती आता घरात होती, आणि मला बोट दाबवेना. कुकरची शिट्टी झाली. कबुतरं घुमली. मग पायरीवर चपला वाजल्या आणि थांबल्या. आणि मग मला ते ऐकू आलं, जे इतके दिवस त्या घुरघुरीत आणि माझ्याच लावलेल्या आवाजात कधी ऐकू आलं नव्हतं: दाराच्या पलीकडे मलमलच्या रुमालातून येणारा श्वास. सूं, सूं. ते उभे होते. आतून आपला आवाज येण्याची वाट बघत होते. मी हात मांडीवर ठेवला आणि काहीच केलं नाही. बराच वेळ गेला. सूं सूं तिथेच. मग कडी वाजली, दोनदा.

मी धावले. हातात कणीक नव्हती, काही नव्हतं. दार उघडलं तर आप्पा माझ्या खांद्यावरून आत खुर्चीकडे बघत होते, कुणी आहे का. पाटी आतच होती. आणि मला त्यांच्याशी तोंडानं बोलायचं नव्हतं. म्हणून कारखान्यात पाहिलेलं आठवून मी हातानंच "आत या" म्हणायला गेले, आणि दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली. आप्पा चमकले. कुठला धागा तुटला म्हणून त्यांनी माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. दारातच उभे राहून ते हसत राहिले. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. आत शनवाऱ्यावरच्या दुकानातली मावा जलेबी होती, कागद तुपानं ओला झालेला. त्यांनी चपला काढल्या, मला बाजूला केलं, सरळ आत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. यूपीएस संपायला अजून चार मिनिटं होती. मी कॉम्प्युटर बंद केला आणि बशा आणायला गेले.